चीनमध्ये नानजिंगजवळ राजपुत्रांच्या थडग्यांपाशी पंख असलेले दगडी सिंह का आहेत?

ते राखणदार आहेत. सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट वू (कारकीर्द ५०२ ते ५४९) याने दक्षिण चीनवर राज्य केलं. हे सिंह त्याच्या भाऊबंदांच्या थडग्यांकडे जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा जोडीने उभे केले. काम अपशकुन आणि दुष्ट शक्तींना अडवण्याचं. शिंगं असलेले प्राणी फक्त सम्राटांसाठी; राजपुत्रांच्या वाट्याला बिनशिंगी सिंह. त्यामुळे मूर्ती पाहूनच दर्जा कळतो.

जवळून बघा: छाती पुढे काढलेली, मान मागे टाकलेली, जबडा उघडा आणि लांब जीभ थेट छातीवर लोंबतेय. पंख मात्र छोटे, अंगालगत कोरलेले. एवढ्या अवजड दगडात इतका डौल मला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

सिंहांसोबत कासवाच्या पाठीवर उभे केलेले शिलालेख आणि खोबणीदार स्तंभही असतात. सम्राटाचा चुलतभाऊ शिआओ जिंग (मृत्यू ५२३) याच्या थडग्याचा स्तंभ तर नक्की पाहा. वर कमळाची चकती, तिच्यावर छोटा सिंह. आपल्याला लगेच अशोकस्तंभ आठवतो, आणि त्यात बौद्ध धर्मासोबत आलेला भारतीय प्रभाव अनेक अभ्यासकांना दिसतो. शिआओ जिंगच्या या स्तंभावरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी कोरली आहेत.