वाचकांचे प्रश्न : थॉरचा हातोडा, लोकीची पैज आणि आपला इंद्र

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, सिनेमे बघून बघून थॉरच्या प्रेमात पडलाय. तो म्हणतो लोकी हा थॉरचा मानलेला भाऊ. माझी मैत्रीण म्हणते जुन्या कथांमधे असं काही नाहीच. खरं काय? आणि त्याला वाचून दाखवण्यासारख्या मूळ गोष्टी कोणत्या?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. थॉर हा उत्तर युरोपातल्या लोकांचा, ख्रिस्ती धर्म येण्याआधीचा मेघगर्जनेचा देव, आणि त्याच्या जुन्या कथांमधे लोकी हा फारबाउटी नावाच्या राक्षसकुळातल्या बापाचा मुलगा, आणि त्याचं नातं आहे ते थॉरशी नाही तर थॉरच्या बापाशी, म्हणजे देवांचा प्रमुख ओडिन ह्याच्याशी. दोघांनी एकमेकांच्या रक्तात रक्त मिसळून भाऊबंदकी केली होती (आपल्याकडच्या अर्थाने नाही, खरोखरचं भाऊपण). एका कवितेत देवांची मेजवानी चालू असते, लोकीला कोणी आत बसू देत नाही, तेव्हा तो ओडिनला सरळ आठवण करून देतो की बाबा रे, दोघांना मिळाल्याशिवाय मी एकटा प्यायचा नाही असं तूच म्हणाला होतास ना. आणि ओडिन निमूटपणे त्याला जागा करून द्यायला सांगतो. म्हणजे हिशोबाने लोकी थॉरचा काकाच लागला!

आता ह्या कथा आपल्यापर्यंत आल्या कुठून ते मुलाला नक्की सांगा, कारण ती गोष्टसुद्धा थॉरच्या गोष्टींइतकीच भारी आहे. आइसलँडने इसवी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, साधारण 1220 मधे स्नॉरी स्टुर्लुसॉन नावाच्या तिथल्या एका बड्या सरदाराने ह्या देवांच्या गोष्टी लिहून काढल्या. स्वतः ख्रिस्ती माणूस, पण त्याला काळजी अशी की नव्या कवींना जुन्या कवितांमधले संदर्भच कळले नाहीत तर कविता मरेल. दुसरं मोठं साधन म्हणजे 1270 च्या आसपास लिहिलेली, ह्या देवांच्या जुन्या कवितांची एक छोटीशी हस्तलिखित वही, चामड्याची 45 पानं, मधली काही पानं गहाळ. 1643 मधे ती एका बिशपच्या हाती लागली, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेली, आणि 1971 मधे डेन्मार्कने ती आइसलँडला परत दिली. जहाजाने आणली आणि रेक्याविकच्या बंदरावर लोकांची ही गर्दी! एका वहीसाठी. मला ह्या प्रसंगाबद्दल वाचताना दर वेळी भरून येतं, कारण ती पानं गेली असती तर थॉरबद्दल आज आपल्याला जे माहितेय त्यातलं बरंच काही राहिलंच नसतं.

वाचून दाखवायला सुरुवात हातोड्याच्या गोष्टीने करा. लोकी खोडी म्हणून थॉरच्या बायकोचे, सिफचे केस कापतो. थॉर म्हणतो एकेक हाड मोडीन. मग लोकी जातो बुटक्या कारागिरांकडे आणि तिच्यासाठी सोन्याचे केस घडवून आणतो, पण तेवढ्यावर थांबेल तो लोकी कसला, ब्रॉक नावाच्या दुसऱ्या एका बुटक्याशी पैज लावतो की तुझ्या भावाला इतकं चांगलं काम जमायचं नाही, आणि पैजेवर लावतो स्वतःचं डोकं. भाऊ भट्टीत काम ठेवतो आणि ब्रॉकला सांगतो, मी येईपर्यंत भाता थांबवायचा नाही. तर लोकी माशी होऊन येतो. आधी हाताला चावतो, मग मानेला, ब्रॉक हलत नाही. तिसऱ्या वेळी पापणीवर चावतो, रक्त डोळ्यात उतरतं, दिसेनासं होतं म्हणून ब्रॉक क्षणभर हात सोडून माशी हाकलतो आणि तेवढ्यात भाता बसतो. त्या एका क्षणामुळे हातोड्याचा दांडा आखूड राहिला! तरी देव निकाल देतात की सगळ्यात मोलाची वस्तू हीच. लोकी पैज हरतो पण म्हणतो डोकं तुझं, मान माझी, मानेला हात लावायचा नाही. मग ब्रॉक त्याचे ओठच शिवून टाकतो.

दुसरी गोष्ट, तो हातोडा थ्रिम नावाचा राक्षस पळवतो आणि बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागतो, तेव्हा थॉरला नवरीचा वेष करून जावं लागतं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा वगैरे सगळं, आणि लोकी पाठराखीण. नवरी एक अख्खा बैल आणि आठ सॅमन मासे खाते, वर मधाची दारू पिते, राक्षस हबकतो, आणि लोकी म्हणतो अहो तुमच्या ओढीने आठ रात्री जेवली नाहीये ती. मुलं ह्या जागी हसतातच.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट उटगार्ड ह्या राक्षसांच्या गढीच्या राजाची. तिथे थॉर तीन पैजा हरतो. शिंगातलं पेय तीन घोटात संपवता येत नाही, राजाच्या मांजराचा जेमतेम एक पाय उचलता येतो, आणि एका म्हातारीशी कुस्ती खेळताना गुडघा टेकावा लागतो. निघताना राजा सांगतो की शिंगाचं दुसरं टोक समुद्रात होतं आणि तू इतकं प्यायलास की ओहोटी लागली, मांजर म्हणजे पृथ्वीला वेटोळं घालून बसलेला सर्प होता आणि म्हातारी म्हणजे म्हातारपण, तिच्यापुढे कोणीच टिकत नाही. देव हरतो आणि तरीही मोठा वाटतो, हे सिनेमातल्या मारामाऱ्यांपेक्षा कितीतरी वरचं आहे.

प्रश्न : थॉर म्हणजे आपला इंद्रच, वायकिंग लोक मूळचे आपलेच, असा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. कितपत खरं?
– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : सर, अर्धी गोष्ट विचार करण्यासारखी आहे, दुसरी अर्धी सोडून द्या.

साम्य खरंच आहे. दोघेही मेघगर्जनेचे देव, एकाकडे वज्र एकाकडे हातोडा, आणि दोन्ही हत्यारं दुसऱ्या कारागिराने घडवलेली, ऋग्वेदात त्वष्टा वज्र घडवतो. दोघांचा वैरी महासर्प. दोघांचं खाणंपिणं अफाट, इंद्राचा सोम आणि थॉरचं वर सांगितलंच. गंमत म्हणजे थॉरच्या गाडीला बोकड जुंपलेले असतात आणि ऋग्वेदात बोकडांचा रथ आहे तो इंद्राचा नाही, पूषा ह्या दुसऱ्या देवाचा. संस्कृत आणि थॉरच्या कथांची जुनी नॉर्स ह्या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा, त्यामुळे एका फार जुन्या गर्जनेच्या देवाच्या आठवणी दोन्हीकडे वेगवेगळ्या वाढल्या असं अभ्यासक मानतात. लिथुआनियाचा पेर्कुनास आणि स्लाव लोकांचा पेरुन हे सुद्धा ह्याच घरातले. म्हणजे चुलत नातं आहे, कोणी कोणाकडून उचललेलं नाही आणि वायकिंग इथून गेलेही नाहीत.

आणि फरक बघा ना. इंद्र देवांचा राजा, थॉर राजा नाही. इंद्र वृत्राला मारतो तो अडवलेलं पाणी मोकळं करायला, पाऊस-नद्या त्या कथेचा जीव आहे. थॉरचा सर्प पाणी अडवत नाही, तो समुद्रातच राहतो, आणि जगाच्या शेवटच्या लढाईत थॉर त्याला मारतो खरा पण त्याच्या विषाने नऊ पावलं चालून स्वतः कोसळतो. इंद्र वृत्राला मारून जिंकतो, थॉर मारूनही मरतो. ह्या दोन्ही कथा आपापल्या जागी पूर्ण आहेत, एकीला दुसरीची कॉपी ठरवलं की दोघींचंही नुकसान होतं.

प्रश्न : मुलगा डेन्मार्कला शिकायला आहे, त्याने थॉरच्या हातोड्याचं लॉकेट पाठवलंय. लोक खरंच घालायचे का हे, की टुरिस्टांसाठी काढलेलं फॅड? आपण घातलं तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खरंच घालायचे. दहाव्या शतकातली अशी लॉकेटं स्कँडिनेव्हियात भरपूर सापडली आहेत. 2014 मधे डेन्मार्कच्या लोलान बेटावर सापडलेल्या एका इवल्याशा लॉकेटवर तर जुन्या रून लिपीत चक्क कोरलंय, 'हा हातोडा आहे'. मुलगा कोपनहेगनजवळ असेल तर त्याला नॅशनल म्युझियममधे जायला सांगा, तिथे ट्रेंडगोर्डनला सापडलेला दागिने ओतायचा एक दगडी साचा आहे. त्या एकाच साच्यात थॉरचा हातोडाही आहे आणि ख्रिस्ताचे क्रूसही! गिऱ्हाईक जुन्या देवाचं असो की नव्या, सोनार दोघांनाही द्यायला तयार. धर्म बदलत होता तो काळ त्या दगडात अख्खा दिसतो.

घालायला काहीच हरकत नाही. फक्त एवढं माहीत असू द्या की युरोपात काही कट्टर वंशवादी टोळ्यांनीही हे चिन्ह उचललंय, त्यामुळे तिथे कोणी विचारलं तर मुलाला उत्तर देता आलं पाहिजे. आणि हे देव अगदीच पुस्तकात गेलेले नाहीत, आइसलँडमधे त्यांना मानणाऱ्या लोकांच्या संस्थेला 1973 पासून सरकारी मान्यता आहे, तेव्हा देव्हाऱ्यातल्या वस्तूला देतो तेवढा मान द्या आणि खुशाल घाला.