सर्व्हो अडकला की गाडी मरते? रेडिओ नको बदलू, आधी बीईसी बघ

म्हणजे तुझं असं झालंय की १/१० क्रॉलरमधला (दगडांवर चढणारी रिमोटची गाडी) स्टॉक सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी मोटर) काढून २५ किलोचा डिजिटल टाकलास, घरात टेबलावर सगळं मस्त चालतं, पण दगडात चाक अडकलं आणि स्टिअरिंग ओढलं की गाडी दोन सेकंद मेल्यासारखी होते आणि मग आपोआप जिवंत होते. आणि त्यावर तू नवीन रेडिओ (हातातला ट्रान्समीटर) घ्यायला निघालायस. थांब भावा, ते पैसे ठेव खिशात.

रेंजचा प्रॉब्लेम असता तर गाडी लांब गेल्यावर गेली असती, तुझ्या पायाशी नाही. हा सरळसरळ ब्राउनआउट वाटतो, सर्व्होने इतका करंट ओढला की व्होल्टेज खाली आलं आणि रिसीव्हर (रेडिओचा सिग्नल घेणारा गाडीतला भाग) रीस्टार्ट झाला. खात्री करायची असेल तर बॉडी काढून चाक बुटाने अडव, स्टिअरिंग फुल मार आणि रिसीव्हरच्या लाइटकडे बघ, विझून परत लागला किंवा ब्लिंक झाला तर तेच. मल्टीमीटर लावून "५.९ व्होल्ट दाखवतोय, सगळं ओके आहे" असं समजू नकोस, तो इतका झटपट डिप पकडतच नाही. आणि स्टिअरिंग चालतंय पण फक्त थ्रॉटल गेला असं होत असेल तर भानगड वेगळी, मग ईएससीचा (मोटरचा स्पीड कंट्रोलर) लो व्होल्टेज कट लागतोय, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा दमलीय.

आता कारण. तुझ्या १०६० टाइपच्या ब्रश्ड ईएससीच्या आतच बीईसी असतो, तो लायपो बॅटरीचं व्होल्टेज खाली आणून रिसीव्हरला देतो आणि रिसीव्हरमधूनच सर्व्होला जातं. स्टिकर वाच, कुठल्यावर ५ व्होल्ट २ अँप असतं, कुठल्यावर ६ व्होल्ट ३ अँप. स्टॉक सर्व्होला ते पुरतं, पण मोठा सर्व्हो अडकला की ३-४ अँप मागतो यात नवल काही नाही, आणि स्वस्त सर्व्होच्या लिस्टिंगमध्ये स्टॉल करंटचा (अडकल्यावर ओढतो तो करंट) आकडा बरेचदा देतच नाहीत, फक्त किलो मोठ्या अक्षरात. ते किलोसुद्धा सगळ्यात जास्त व्होल्टेजवरचे आणि १ सेंटिमीटरच्या हॉर्नवरचे (सर्व्होच्या दांड्यावरची पट्टी) असतात बरं का, हॉर्न २ सेंटिमीटरचा लावला की जोर निम्मा. त्यामुळे ५ व्होल्टवर तुला २५ किलो मिळतच नाहीयेत.

बीईसी लिनिअर असेल तर अजून वाईट, कारण तो उरलेलं व्होल्टेज उष्णता करून फेकतो. ३एस (तीन सेलची) बॅटरी फुल चार्ज म्हणजे १२.६ व्होल्ट, त्यातून ५ बनवायचे तर दर अँपामागे ७.६ वॅट नुसती गरमी, मग तो तापून स्वतःच बंद पडतो. स्विचिंग बीईसीत हा त्रास खूप कमी.

उपाय म्हणजे वेगळा बीईसी, निदान ५ अँप कंटिन्युअस झेपणारा. कंटिन्युअस बघ, पीक (क्षणभराचा) नाही. कॅसलचा १० अँपवाला क्रॉलरवाले बरेच वापरतात पण त्यातही १० हा पीकच आहे. इनपुट बॅटरीच्या कनेक्टरपाशी ईएससीला समांतर सोल्डर कर. पुढे दोन रस्ते आहेत आणि इथेच सगळे घोळ घालतात.

पहिला, बीईसीचा प्लग रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टमध्ये. मग ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढायचीच, सुईने प्लास्टिकची जीभ उचलली की पिन निघते, तिला हीटश्रिंक घाल. दोन बीईसी एकाच रिसीव्हरवर सोडायचे नाहीत, दोघांचं व्होल्टेज कधी तंतोतंत सारखं नसतं आणि एकमेकांशी भांडत बसतात.

दुसरा, आणि मी तुला हाच सांगेन: बीईसीची पॉवर थेट सर्व्होला, रिसीव्हरकडून फक्त सिग्नल आणि निगेटिव्ह. यात ईएससीची लाल वायर तशीच ठेवायची कारण रिसीव्हर तिच्यावरच चालणार, सर्व्होची लाल मात्र रिसीव्हरला जोडायची नाही. निगेटिव्ह सगळ्यांची एकच हवी, ती तुटली तर सर्व्हो वेड्यासारखा थरथरतो. फायदा असा की जाड करंट रिसीव्हरच्या बारीक ट्रॅकमधून जात नाही, आणि सर्व्हो ७.४ चालणारा असेल तर बिनधास्त ७.४ दे, नाहीतर बरेच स्वस्त रिसीव्हर ६.५ च्या वर चालतच नाहीत. तुझ्या सर्व्होची लिमिट मात्र आधी वाच, २५ किलोवाले पुष्कळसे ६.८ पर्यंतचेच असतात. ८.४ लिहिलेला असेल तर २एसवर डायरेक्टही चालतो, ३एसवर अजिबात नाही.

कुणीतरी तुला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला सांगितलंय ना, लाव, पोलॅरिटी बघून, पण त्याच्यावर विसंबू नकोस. ३ अँपाची तूट असेल तर तो दीड-पावणेदोन मिलिसेकंदातच एक व्होल्ट खाली येतो. डिजिटल सर्व्होचे बारीक झटके तो गिळेल, दगडात दोन सेकंद अडकलेलं चाक नाही.

आणि फुकटचं काम आधी कर, रेडिओतली ईपीए (सर्व्हो कुठवर वळायचा ती मर्यादा) कमी कर. नकल (चाक वळवणारा सांधा) फुल वळून टेकलाय आणि सर्व्हो अजून ढकलतोय, घूंऽऽ आवाज येतोय, म्हणजे दगड नसतानाही तो स्टॉलच आहे. आवाज थांबेपर्यंत दोन्ही बाजू वेगवेगळ्या सेट कर.

हे सगळं होईपर्यंत फेलसेफ (सिग्नल गेल्यावर थ्रॉटल कुठे ठेवायचा ते सेटिंग) न्यूट्रलला ठेव, चाकं हवेत धरून ट्रान्समीटर बंद करून चेक कर. काही रिसीव्हर शेवटचा थ्रॉटल तसाच धरून ठेवतात आणि मग गाडी कड्यावर असेल तर तुझ्या हातात काही राहत नाही.