पाळणाघर सोडून इंग्लंडला येणाऱ्या आईला

तू गोव्यातल्या फोंड्याची, माझं माहेर जवळचंच माशेल, तेव्हा अगं-तुगंच करते. नवऱ्याला इंग्लंडात नोकरी, नोव्हेंबरात निघायचं, वर्षाची असल्यापासून पाळणाघरात रुळलेली लेक, आणि तू कुंडईची नोकरी सोडून तिच्याबरोबर घरी. ती कशी रुळेल, दिवस कसा जाईल, असं विचारलंयस. व्हिसा, आरोग्याचा अधिभार, क्षयरोगाची चाचणी हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, त्यात मी पडत नाही.

माझा मुलगा इथे आल्यावर कितीतरी दिवस ताटासमोर हात जोडून थांबायचा. पाळणाघरात मावशी सगळ्यांना ओळीने बसवून श्लोक म्हणवून घ्यायच्या. हा डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, पोरं येईपर्यंत घास उचलायचा नाही. मी शेजारी बसून श्लोक म्हटला तर "तू नको" म्हणायचा. शेवटी वाघ, हत्ती आणि चाक निघालेली बस अशी पंगत मांडली, तेव्हा कुठे भात पोटात गेला.

म्हणून निघण्याआधी मावशींकडे निवांत बस आणि सगळं विचारून घे. झोपवताना पाठ थोपटतात की पाय दाबतात, रडली तर काय म्हणतात, जेवण किती वाजता. इथे आल्यावर वेळा त्याच ठेव. पण घराचं पाळणाघर करू नकोस. भिंतीवर तासांचा तक्ता लावणाऱ्या आया मी पाहिल्यात, आठवड्यात थकतात.

रोज सकाळी बाहेर पड. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, नुसता भिजत ठेवतो, तरी पड. डिसेंबरात चारला अंधारतं, तेव्हा जे काय ते सकाळीच. वाचनालयात लहानांच्या गाण्यांचा तास असतो, तो बहुधा फुकट. चर्चच्या सभागृहात आई-मुलांचे गट भरतात, एखाद-दोन पौंड घेतात, वर चहा देतात. चर्च म्हणून बिचकू नकोस, गोव्यातून येणारीने तर मुळीच नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. चवथीला, म्हणजे गणपतीत, जास्त असतो. पुढे.

दवाखान्याचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाव नोंदवायला गेले तर खिडकीवरची बाई पत्त्याचा पुरावा मागत बसली. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, माझ्या नावावर काय, तर मूल. खरं तर डॉक्टरकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागतच नाही, एनएचएसचाच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचाच, तसा नियम आहे. तू तो फोनवर काढूनच खिडकीशी जा. लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला एवढंच आहे, इथे गालगुंडाचीही लस त्यात लागते, आणि वर्ष पुरं होण्याआधीचा डोस हे लोक धरत नाहीत. पुन्हा टोचतील, घाबरू नकोस.

आमच्या भागात पूर्णवेळ नर्सरीला महिन्याला हजार पौंडांहून जास्त पडत होते. नोकरी करणाऱ्या आईबापांना मिळणारे जादा फुकट तास आपल्या व्हिसावर मिळत नाहीत. नवऱ्याने कागदावर हिशेब मांडला. तो बरोबर होता, म्हणून तर राग आला. मी मुलासाठी घरी राहिले की त्या कागदासाठी, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. लोक विचारतात तेव्हा "मुलासाठी" सांगते.

आणि मुलगा झोपेत मावशींना हाक मारायचा. सहाला बँकेतून येऊन उचलून नेणारी आई त्याच्या ओळखीची होती. दिवसभर समोर वावरणारी ही बाई त्याला नवीन होती, आणि मलाही दुपारचा तो नवीनच. जेवल्यावर तो एका जागी बसून स्वतःशी बोलतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मावशींना असणार. त्यांना विचारावंसं वाटायचं, विचारलं नाही.

तिसऱ्या वाढदिवसानंतर नर्सरीचे आठवड्याला 15 तास, वर्षाचे 38 आठवडे, सगळ्या मुलांना फुकट मिळतात, आई घरी असली तरी. पण वाढदिवसापासून नव्हे, त्यानंतरच्या सत्रापासून: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 सप्टेंबर. माझा मुलगा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. मार्चअखेरीस जन्मलेलं शेजारचं पोर एप्रिलपासून जायला लागलं, आम्ही सप्टेंबरपर्यंत घरी. तो उन्हाळा मला अजून गिळता आलेला नाही. पुढे जागा मिळाली ती दुपारची, म्हणजे बरोबर झोपेची वेळ.

तुझी लेक फेब्रुवारीत तीनची होते, म्हणजे तुला एप्रिल. पोचल्याच्या आठवड्यातच जवळच्या दोन-तीन नर्सऱ्यांत नाव घाल आणि सकाळची जागा माग. नाही म्हणाले तर थांबणाऱ्यांच्या यादीत नाव घातल्याचं त्यांच्याकडून लेखी घे.