तुमचे प्रश्न : क्लबच्या जुन्या डिस्कांमधील फाइली

प्रश्न : माझे काका एका हौशी संगणक क्लबचे सभासद होते. त्यांच्या सामानात क्लबच्या डिस्क-संग्रहातून घेतलेल्या दीडशेच्या आसपास फ्लॉपी सापडल्या असून प्रत्येकीवर हाताने लिहिलेला क्रमांक आहे. ‘यातले सगळे मोफत आहे,’ असे काका नेहमी सांगत. या फाइली आज मी इतरांना वाटल्या तर ते योग्य ठरेल का?

उत्तर : ‘मोफत’ हा शब्द क्लबमध्ये सगळेच वापरत, त्यामुळे काकांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या प्रकारच्या फाइली एकाच डिस्कवर शेजारी शेजारी नांदत असत आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकाराला वेगळे लागू पडते.

लेखकाने ‘माझा यावर कोणताही हक्क नाही’ असे लिहून सोडून दिलेला प्रोग्रॅम सार्वजनिक मालकीचा असतो; तो कोणीही, कसाही वाटावा. दुसऱ्या प्रकारात लेखक प्रताधिकार (कॉपीराइट) स्वतःकडे ठेवतो, पण प्रती काढायला परवानगी देतो, आणि त्या परवानगीला बहुधा अटी जोडलेल्या असतात : सर्व फाइली एकत्र द्याव्यात, त्यांत बदल करू नये, त्यावर नफा कमावू नये. कोऱ्या डिस्कची किंमत आणि टपालखर्च एवढे पैसे क्लबने घेतले, तर सहसा लेखकांची त्याला हरकत नसे. तिसरा प्रकार शेअरवेअरचा. त्यात प्रत फुकट मिळते, वापर मात्र फुकट नसतो. वापरून पाहावे आणि उपयोगाचे वाटल्यास लेखकाला पैसे पाठवावेत, असा तो सौदा असतो. अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी १९८२ मध्ये ‘पीसी-टॉक’ या प्रोग्रॅमसाठी अशीच पंचवीस डॉलरची विनंती केली होती. बॉब वॉलेस यांच्या ‘पीसी-राइट’ची योजना तर याहूनही चतुर होती : पंचाहत्तर डॉलर भरून नोंदणी करणाऱ्याच्या प्रतीला स्वतःचा क्रमांक मिळे आणि त्या प्रतीवरून पुढे कोणी नोंदणी केली, की आधीच्या माणसाला पंचवीस डॉलर परत मिळत. प्रत वाटणे हा गुन्हा न राहता विक्रीचा मार्ग झाला, आणि क्लबचे डिस्क-संग्रह या मार्गावरचे मोठे नाके ठरले.

तेव्हा निर्णय डिस्कवरच्या चिठ्ठीवरून न करता आतल्या मजकुराच्या फाइलीवरून करावा. उदाहरणार्थ, एखाद्या डिस्कवर पत्ते साठवण्याचा प्रोग्रॅम आहे असे धरू. फाइलच्या नावाला डॉस या पीसीच्या जुन्या कार्यप्रणालीत आठच अक्षरे आणि वर तीन अक्षरांचा प्रत्यय मिळत असल्याने नावावरून काहीच उलगडत नाही. पण शेजारीच ‘रीडमी’ नावाची दोन-तीन किलोबाइटची फाइल असते आणि तिच्या शेवटच्या परिच्छेदात बहुधा वाटपाच्या अटी दिलेल्या असतात. हीच फाइल ‘निरुपयोगी’ म्हणून पुसून टाकणारे सभासद मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी जागा वाचवली खरी, पण परवानाही त्याबरोबर पुसला गेला आणि मागे उरलेल्या प्रोग्रॅमचा पुढे कोणालाच निवाडा करता येईना.

ज्या फाइलीत अटींचा उल्लेखच नाही, ती मोकळी आहे असे समजू नये. अमेरिकेत १ मार्च १९८९ पूर्वी प्रकाशित झालेल्या कृतीवर प्रताधिकाराची सूचना नसल्यास ती सार्वजनिक मालकीत जाण्याची शक्यता असे, आणि काही क्लबांची समजूत त्यावरच बेतलेली होती. त्या तारखेपासून मात्र तिथेही सूचनेशिवायच प्रताधिकार मिळू लागला. बाजारात विकला जाणारा एखादा प्रोग्रॅम कोणीतरी संग्रहात दडपून दिलेला असेल, तर तो बाजूला काढावा. हा वाद क्लबांइतकाच जुना आहे. कॅलिफोर्नियात मार्च १९७५ मध्ये सुरू झालेल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या सभासदांमध्ये गेट्स यांच्या कंपनीचा विकाऊ प्रोग्रॅम ‘अल्टेअर बेसिक’ ज्यांवर साठवलेला असे, त्या भोके पाडलेल्या कागदी पट्ट्यांच्या प्रती फिरल्या आणि त्यावर बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना उद्देशून खरमरीत खुले पत्र लिहिले. माझ्या मते चांगल्या डिस्क-संग्रहाची खरी प्रतिष्ठा यातच होती, की त्यातले काहीही मान खाली न घालता वाटता येत असे.

प्रश्न : आमच्याकडे सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची अशा दोन्ही प्रकारच्या डिस्क आहेत. त्यांवरील फाइली सुरक्षितपणे कशा उतरवून घ्याव्यात?

उत्तर : सर्वप्रथम लेखन बंद करावे. सव्वापाच इंची डिस्कच्या कडेची चौकोनी खाच अपारदर्शक पट्टीने झाकावी. साडेतीन इंची डिस्कची सरकपट्टी अशी सरकवावी, की भोक उघडे राहील. दोन्हींचे नियम परस्परांच्या उलट असल्याने इथे हमखास गफलत होते. नंतर वाचनाच्या फटीतून चकतीचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहावा. त्यावर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे वाचन-लेखन करणाऱ्या टोकाला, चिकटते आणि पुढच्या चांगल्या डिस्कही त्यामुळे ओरखडल्या जातात.

यूएसबीला जोडायचा स्वस्त ड्राइव्ह साडेतीन इंची पीसी-डिस्कपुरता ठीक आहे. अमिगा या जुन्या घरगुती संगणकाच्या ८८० किलोबाइटच्या डिस्क मात्र त्यावर वाचता येत नाहीत. आणि फ्रेड फिश यांनी १९८६ पासून जमवलेला, हजारावर डिस्कांचा गाजलेला संग्रह याच अमिगासाठी होता. अशा डिस्कांसाठी ‘ग्रीझवीझल’ किंवा ‘क्रायोफ्लक्स’सारखे, चकतीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारे साधन घ्यावे. फाइली एकेक करून उतरवण्याऐवजी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची एकाच फाइलीत हुबेहूब नक्कल, घ्यावी आणि फाइली त्या प्रतिमेतून काढाव्यात.

नव्याने सव्वापाच इंची डिस्क भरून देणार असाल, तर एका जुन्या खोडीपासून सावध राहा. प्रती काढण्याचे काम माझ्याकडे होते तेव्हा मी वेळ वाचावा म्हणून ३६० किलोबाइटच्या डिस्क १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हवर भरत असे. माझ्या यंत्रावर त्या निर्दोष वाचल्या जात; सभासदांकडून मात्र ‘वाचता येत नाही’ अशा चिठ्ठ्यांसह परत येत, आणि मी प्रत्येक वेळी टपालखात्याला बोल लावत असे. दोष माझाच होता. १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हचे हेड अरुंद असल्याने त्याने लिहिलेला माग (ट्रॅक) जुन्या मागाच्या मधोमध पडतो आणि दोन्ही कडांना जुना मजकूर शिल्लक राहतो. ३६० च्या ड्राइव्हचे रुंद हेड हे दोन्ही एकदम ऐकते आणि गोंधळते. जी डिस्क ३६० च्या ड्राइव्हला वाचायची आहे, ती ३६० च्याच ड्राइव्हवर लिहावी.

प्रश्न : आमच्या छोट्या क्लबच्या संग्रहाची मी नव्याने यादी करत आहे. दबलेल्या फाइली उलगडून ठेवू का? एकाच प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या काढून टाकू का?

उत्तर : दोन्ही करू नये. ३६० किलोबाइटच्या डिस्कवर जास्तीत जास्त माल मावावा म्हणून फाइली आधी ‘आर्क’ आणि १९८९ नंतर ‘झिप’ पद्धतीने दाबल्या जात. त्या गठ्ठ्यात लेखकाने ठेवलेल्या तारखा आणि प्रत्येक फाइलचा तपासणी-अंक असतो, त्यामुळे आतली फाइल बिघडली आहे का, हे लगेच कळते. उलगडलेली प्रत हवी तर वेगळ्या कप्प्यात ठेवा, पण मूळ गठ्ठा हलवू नका. जुनी आवृत्तीही ठेवावी, कारण नवी कधीकधी जुन्या यंत्रावर चालत नाही आणि दोन आवृत्त्यांच्या वाटपाच्या अटीही निराळ्या असू शकतात.

विषाणूंची तपासणी यादी करतानाच उरकून घ्यावी. १९८६ चा ‘ब्रेन’ हा विषाणू फाइलीत न शिरता डिस्कच्या बूट विभागात, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसत असे, म्हणून केवळ फाइली तपासून भागत नाही. संपूर्ण डिस्कची प्रतिमा तपासावी लागते.

यादीत डिस्कचा मूळ क्रमांक, फाइलचे नाव, एका ओळीत तिचे काम, लेखक, आवृत्ती आणि वाटपाची अट एवढे रकाने ठेवावेत. अटीचा रकाना स्वतःच्या शब्दांत भरू नये. रीडमीतील वाक्य जसेच्या तसे उतरवावे, आणि काहीच लिहिलेले नसेल तिथे ‘अट आढळली नाही’ अशी नोंद करावी.