शब्दचर्चा : मॉलमध्ये भेटलेले ते ‘आदिवासी’ की ‘मूळनिवासी’?

हवाईतल्या होनोलुलूला लेकीकडे दोन महिने राहून आलेल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. वायकीकीच्या ‘रॉयल हवाईयन सेंटर’ या भल्यामोठ्या मॉलमध्ये त्यांनी हुला नाच पाहिला, फुलांची माळ करायला शिकल्या, पानांच्या पट्ट्यांची मनगटातली कडी विणली. आता त्या प्रवासवर्णन लिहीत आहेत आणि मथळ्यापाशीच अडल्या आहेत. त्या लिहितात : “मी आधी ‘मॉलमधील आदिवासी संस्कृतीचे आकर्षण’ असं लिहिलं. जावई म्हणाले, हे लोक आदिवासी नाहीत, त्यांचे राजे होते. मग मूलनिवासी म्हणू, स्थानिक म्हणू, की भूमिपुत्र? इंग्रजीतल्या ‘इंडिजिनस’ला आपल्याकडे नेमका शब्द कोणता? शिवाय ‘आकर्षण’ हा शब्दही मला टोचतो आहे.”

ताई, टोचतो आहे ते योग्यच आहे. त्याकडे शेवटी येतो, कारण मला त्यातच जास्त सांगायचं आहे. आधी ‘आदिवासी’.

व्युत्पत्तीने पाहिलं तर तुमचा पहिला शब्द अचूक आहे. आदि म्हणजे पहिला, वासी म्हणजे राहणारा. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ९ ऑगस्ट हा दिवस जगभरच्या ‘इंडिजिनस’ लोकांसाठी ठरवला आणि नंदुरबारपासून पालघरपर्यंत तो ‘जागतिक आदिवासी दिन’ म्हणूनच साजरा होतो. म्हणजे भाषांतर झालेलं आहे, रुळलेलं आहे, आणि ज्यांचा तो दिवस आहे त्यांनीच ते आपलं म्हटलं आहे. शब्दही फार जुना नाही. १९३८ साली छोटानागपुरात आदिवासी महासभा उभी राहिली, पुढे संविधान सभेत जयपालसिंह मुंडा यांनी याच शब्दाचा आग्रह धरला. कागदोपत्री मात्र आपल्याकडे ‘अनुसूचित जमाती’ आलं. तो प्रशासनाचा शब्द आहे, ‘आदिवासी’ हा लोकांनी छातीवर मिरवलेला शब्द आहे.

म्हणून जावयांचं कारण मला मान्य नाही. राजे असल्यामुळे कुणी आदिवासी राहत नाही असं म्हणायचं तर चंद्रपूरच्या आणि देवगडच्या गोंड राजांचं काय करायचं? नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंडच होता. ‘ते राजे होते, आदिवासी नव्हेत’ या वाक्यात आदिवासी म्हणजे काहीतरी खालचं हे गृहीत धरलेलं असतं, बोलणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी.

तरीही तुमच्या मथळ्यात मी हा शब्द ठेवणार नाही. कारण वेगळं आहे. मराठीत ‘आदिवासी’ हे आता नुसतं विशेषण राहिलेलं नाही, ते जवळजवळ विशेषनाम झालं आहे. तो शब्द वाचला की मराठी वाचकाला वारली, कातकरी, भिल्ल, कोरकू, माडिया आठवतात. जंगल, पाडा, वनहक्काचे दावे आठवतात. तो एक विशिष्ट, अजून चालू असलेला इतिहास आहे. हवाईचा इतिहास दुसरा आहे. १८४० साली लिखित राज्यघटना, १८४३ साली ब्रिटन आणि फ्रान्सची मान्यता, १८९३ साली राणी लिलिउओकालानीला पदच्युत करणारा उठाव, १८९८ साली अमेरिकेत विलीनीकरण. ज्या रस्त्यावर तुमचा मॉल आहे तो कालाकाउआ ॲव्हेन्यू. हा कालाकाउआ राजा १८८१ साली जगप्रवासाला निघाला होता आणि त्या प्रवासात मुंबईतही येऊन गेला. तेव्हाच्या मुंबईने त्याला एका स्वतंत्र देशाचा राजा म्हणून पाहिलं होतं. एका समाजाच्या इतिहासाने भरलेला शब्द दुसऱ्या समाजावर चढवला की दोन्ही इतिहास पुसट होतात, एवढीच माझी हरकत आहे.

आता ‘भूमिपुत्र’. हा पर्याय वाचून मी खुर्चीतच सरसावून बसलो, कारण तुम्ही नकळत एका हवाईयन शब्दाचं शब्दशः भाषांतर केलं आहे! ‘कामाआइना’. कामा म्हणजे मूल, आइना म्हणजे भूमी. त्या ‘आइना’त पुन्हा ‘आइ’ म्हणजे खाणे हे क्रियापद दडलेलं आहे. भूमी म्हणजे जी खाऊ घालते ती. भूमीचं मूल, भूमिपुत्र. पण त्याच मॉलमध्ये दुकानांच्या दारावर ‘कामाआइना सवलत’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. ती सवलत मिळवायला वंश लागत नाही, हवाईचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. तुमच्या लेकीलाही ती मिळत असणार. म्हणजे घटक अगदी तेच असूनही अर्थ ‘भूमिपुत्र’ नाही, साधा ‘रहिवासी’ आहे. आपल्याकडे नेमकं उलट झालं. ‘भूमिपुत्र’ने नोकऱ्यांच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनांतून हक्काचा, कधी रागाचा सूर घेतला. नवी मुंबईत ‘भूमिपुत्र’ म्हटलं की आगरी-कोळी बांधव आणि त्यांच्या गेलेल्या जमिनी डोळ्यांपुढे येतात. दोन भाषांनी एकाच मातीतून दोन वेगळी मडकी घडवली. तेव्हा हा शब्द इथे नको.

‘स्थानिक’ पुरेसा नाही. हवाईत हा फरक लोक काटेकोरपणे पाळतात : तिथे चार पिढ्या राहिलेला जपानी वंशाचा माणूस स्वतःला ‘लोकल’ म्हणवतो, ‘हवाईयन’ म्हणवत नाही. ‘हवाईयन’ हे तिथे मूळ वंशाचं नाव आहे, पत्त्याचं नाही. पुणेकर व्हायला पुण्यात राहणं पुरतं, तसं ते नाही. (पुण्यातही ते पुरत नाही असं म्हणणारे आहेत, पण तो वेगळा विषय.)

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात ‘नेटिव्ह’साठी एक सुंदर शब्द होता, ‘एतद्देशीय’. एतद् म्हणजे हे. या देशाचे ते एतद्देशीय. मला तो फार आवडतो, पण तो बोलणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला बांधलेला आहे. पुण्यात बसून हवाईच्या लोकांना एतद्देशीय म्हणता येणार नाही, ‘तद्देशीय’ म्हणावं लागेल, आणि तो शब्द आज कुणाच्या ओठांवर नाही. ‘नेटिव्ह’ मात्र मुंबईत वेगळ्याच रूपाने टिकला. चाकरमानी शिमग्याला गावी निघाला की अजूनही ‘नेटिव्हला चाललो’ म्हणतो. साहेबाने हिणवायला वापरलेला शब्द आपण गावाकडच्या घराचं नाव करून टाकला.

उरतो ‘मूळनिवासी’. तुम्ही ‘मूलनिवासी’ लिहिलं आहे आणि ते चूक नाही. तत्सम शब्दांत मूल राहतंच : मूलभूत, मूलद्रव्य, मूलतत्त्व. पण मराठीने काही समासांत आपला ळ घातला आहे : मूळपुरुष, मूळाक्षरे. एकट्या ‘मूल’चा मराठीत अर्थ लेकरू होतो, म्हणून कानाला ‘मूळनिवासी’ अधिक स्वच्छ वाटतो. शिवाय महाराष्ट्रात ‘मूलनिवासी’ या रूपाला बहुजन चळवळीत एक ठरलेला वैचारिक अर्थ आहे. त्या चर्चेचा मान राखायचा तर हवाईसाठी ‘ळ’चं रूप घ्यावं, म्हणजे घोटाळा होत नाही. अमेरिकेतल्या ज्या लोकांना आपली जुनी पुस्तकं ‘रेड इंडियन’ म्हणत, त्यांच्यासाठीही आता ‘मूळनिवासी अमेरिकन’ रुळतो आहे.

पण ताई, याहून चांगला मार्ग आहे. ते स्वतःला काय म्हणवतात ते एकदा लिहा आणि मग ‘मूळनिवासी’ वापरा. ते स्वतःला ‘कानाका माओली’ म्हणतात. कानाका म्हणजे माणूस, माओली म्हणजे खरा, अस्सल. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या नावातला ‘माओरी’ हा याच शब्दाचा भाऊ. आपले वैयाकरण ‘रलयोरभेदः’ म्हणत आले आहेत, र आणि ल यांच्यात भेद मानू नये. ते सूत्र प्रशांत महासागरातही लागू पडावं याचा मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद होतो. आणि स्वतःला नुसतं ‘माणसं’ म्हणवणं हे काही दूरचं नवल नाही. मेळघाटातल्या ‘कोरकू’ या नावाचा अर्थही माणसं असाच आहे. गोंड स्वतःला ‘कोइतूर’ म्हणतात, गोंड हे नाव त्यांना इतरांनी दिलं.

दुसरं नाव ‘कानाका ओइवी’. त्यातला ‘इवी’ म्हणजे हाड. पूर्वजांची हाडं ज्या मातीत आहेत त्या मातीचा माणूस. याला मराठी शोधताना मला आपला ‘हाडाचा’ आठवला : हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. जो वरवरचा नाही, आतून तो आहे. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी अस्सलपणासाठी दोघींनी हाडालाच हात घातला. मथळ्यात वापरता येणार नाही, पण मजकुरात हे जरूर सांगा.

ही नावं लिहिण्याचा आग्रह मी का धरतो? १८९६ च्या कायद्याने तिथल्या शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि दोन-तीन पिढ्यांत घराघरांतून हवाईयन भाषा ओसरली. १९७८ साली राज्याच्या घटनेत ती इंग्रजीसोबत अधिकृत झाली, १९८० च्या दशकात ‘पूनाना लेओ’ या बालवाड्या निघाल्या. पूनाना म्हणजे घरटं, लेओ म्हणजे आवाज. त्यांनी इतक्या कष्टाने परत आणलेले शब्द आपण चार ओळींत लिहिले तर आपलं काही अडत नाही.

लिपीबद्दल एक छोटी सूचना. ‘हवाई संस्कृती’ असं लिहू नका. हवाई दल, हवाई वाहतूक यांच्या शेजारी तो शब्द बसला की वाचक विमानतळावर पोचतो. ‘हवाईची संस्कृती’ किंवा ‘हवाईयन’ लिहा. मूळ उच्चारात शेवटच्या इ-च्या आधी घशात एक क्षण अडकतो, ‘हवाइ-इ’ असा. त्या अडकण्याला त्यांच्या वर्णमालेत व्यंजनाचा मान आहे. आपल्या लिपीत त्याला खूण नाही.

आता ‘आकर्षण’. चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्या मॉलच्या मधल्या मोकळ्या बागेत एक दुपार काढली आहे. चारी बाजूंना घड्याळं आणि पर्सा विकणारी महागडी दुकानं, आणि मध्ये माडांखाली हिरवळीवर लोक हुला शिकत होते. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘कुमु’ म्हणत होते. कुमु म्हणजे गुरू, आणि त्याच शब्दाचा अर्थ झाडाचा बुंधा, उगम, मूळ! शेजारी एक आजी लाउहाला विणायला शिकवत होत्या. लाउ म्हणजे पान. हाला हे आपल्या केवड्याच्या कुळातलं झाड. काटे काढलेल्या पानाचा वास नव्हता, पण पट्टी हातात घेतल्यावर कोकणातलं समुद्राकाठचं केवड्याचं बन आठवलं. तिकीट नव्हतं. जिथे आपण बसून काही करतो, गुरू समोर असतो, त्याला ‘आकर्षण’ म्हणणं चूक, आणि ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणणं तर त्याहून चूक, कारण तिथे नुसतं प्रेक्षण नाही.

‘दालन’ चालेल का, याचा मी विचार केला. हा शब्द संग्रहालयालाही लागतो आणि साड्यांच्या दुकानालाही, त्यामुळे मॉलमध्ये तो शोभला असता. पण दालनाला भिंती असतात. या बागेला तिथे ‘रॉयल ग्रोव्ह’ म्हणतात आणि ‘ग्रोव्ह’ला आपल्याकडे ‘राई’सारखा देखणा शब्द आहे : आमराई, देवराई. ही माडांची राई. जागेचं जुनं नाव हेलुमोआ. हेलु म्हणजे उकरणे, मोआ म्हणजे कोंबडा. ओआहू बेटाचा काकुहिहेवा नावाचा राजा इथे असताना पालोलोच्या खोऱ्यातून एक मायावी कोंबडा उडत आला, त्याने जमीन उकरली आणि तो नाहीसा झाला. राजाने तो संकेत मानून तिथे माड लावले, अशी कथा सांगतात. पुढे तिथे हजारो माडांचं बन झालं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्यामुळे तुमच्या मथळ्यातला ‘मॉलमधील’ हा शब्दसुद्धा मला खटकतो. ती जमीन मॉलवाल्यांनी संस्कृतीला वापरायला दिलेली नाही. ती कामेहामेहा घराण्यातल्या राजकन्या बर्नीस पाउआही बिशप हिच्या वारशातली आहे. १८८४ साली ती गेली, तेव्हा तिने आपली जमीन शाळांसाठी ठेवली. १८८७ साली सुरू झालेल्या कामेहामेहा शाळा हवाईयन मुलांना शिकवतात आणि या मॉलचं उत्पन्न त्या कामी येतं. बागेत तिचा पुतळा आहे, शेजारी एक लहान मुलगी आहे. तुम्ही पाहिला असेल. तेव्हा संस्कृती मॉलमध्ये पाहुणी आलेली नाही. मॉल तिच्या अंगणात भाड्याने राहतो. मराठीत हे एका विभक्ती प्रत्ययाने सांगता येतं, फक्त प्रत्यय कुणाला लावायचा ते ठरवायला हवं.

म्हणून मथळा मी असा करीन : ‘माडांच्या राईत उभा राहिलेला मॉल’. आणि पहिलं वाक्य : ‘वायकीकीला हेलुमोआ नावाच्या जुन्या राईत आता एक मोठा मॉल आहे, तिथे कानाका माओलींकडून, म्हणजे हवाईच्या मूळनिवासींकडून, मी हाला झाडाच्या पानांचं कडं विणायला शिकले.’

‘विणायला’च ठेवा, ‘गुंफायला’ नको. चटई विणतात, गजरा गुंफतात. तुमच्या फुलांच्या माळेला ते ‘लेइ’ म्हणतात. तो शब्द तसाच ठेवा, ‘हार’ लिहू नका, कारण हार म्हटलं की आपल्याकडे सत्कार तरी होतो किंवा तसबीर तरी येते. लेइ ते सहज, नुसतं भेटल्याच्या आनंदातही गळ्यात घालतात. तिच्यात पुष्कळदा आपला देवचाफा असतो. तो मात्र तिथला मूळनिवासी नाही आणि आपलाही नाही, दोन्हीकडे तो अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आला.