सासूबाईंना घेऊन कॅबरेला जायचं का?

दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की या सदराला पटायाची पत्रं येतातच, पण यंदा जरा जास्तच आलीत आणि बहुतेक सांगली-मिरज-तासगावकडची आहेत. त्यामुळे बाली, काश्मीर, चारधामवाल्यांनी रागावू नका, तुमचं पुढच्या अंकात. आज नुसता पटाया आणि तिथला तो शो.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही विश्रामबागला राहतो. दिवाळीत आम्ही दोघं, मुलगी (सातवीत आहे) आणि सासूबाई असे टूरबरोबर बँकॉक-पटायाला चाललोय. टूरवाल्यांनी जो कागद दिलाय त्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'कॅबरे शो' असं छापलंय. हे म्हणतात पैसे भरलेत तर बघून येऊ. मला मात्र टेन्शन आलंय, कॅबरे म्हटलं की जुन्या हिंदी पिक्चरमधला व्हिलनचा अड्डाच डोळ्यापुढे येतो. आई दर मंगळवारी गणपतीला जाणाऱ्या, स्वभावाने कडक. त्यांना हॉटेलवर ठेवून आम्ही जावं का? आणि मुलीला काय सांगायचं?

उत्तर : हॉटेलवर ठेवू नका हो, परक्या गावात म्हाताऱ्या माणसाला एकटं टीव्हीसमोर बसवून तुम्ही शो बघणार म्हणजे तुमचंही लक्ष लागणार नाही आणि त्यांच्याही डोक्यात नको ते येणार की ही दोघं नक्की कुठं गेलीत.

तुमच्या डोळ्यापुढे जे येतंय ते तिथे नसतं. पटायात टिफनीज आणि अल्काझार ही दोन मोठी नावं आहेत, टिफनीज १९७४ पासून चालू आहे आणि अल्काझार १९८१ पासून, टूरवाले बहुतेक यातल्याच एकीकडे नेतात. दोन्हीकडे रीतसर थिएटर आहे, पडदा, रांगेत खुर्च्या, तिकिटावर सीट नंबर, बाहेर बसेसची गर्दी. प्रेक्षकांत चिनी आजीआजोबा, कोरियन जोडपी, गुजराती कुटुंबं आणि आपली मंडळी. साधारण तास-सव्वा तासाचा कार्यक्रम, एकामागून एक गाणी, प्रत्येक गाण्याला वेगळा सेट, वेगळे कपडे. थाई दरबार, मग चिनी, मग कोरियन, मग पिसांचे मुकुट घातलेलं पॅरिस स्टाईल काहीतरी, आणि भारतीय लोक एवढे जातात म्हटल्यावर एखादं हिंदी गाणं बहुतेक असतंच. गाणं रेकॉर्डवर, नाचणारे ओठ हलवतात. मध्ये एखादा विनोदी आयटम. कपडे काढणं वगैरे प्रकार या दोन्ही शोंमध्ये नाही, लहान मुलं आत येतात. काही ड्रेस तोकडे असतात हे खरं, पण आपल्याकडच्या टीव्हीवरच्या डान्सच्या कार्यक्रमांत याहून जास्त दिसतं आणि ते आपण जेवताना बघतो.

घोळ कुठे होतो सांगते. पटायात वॉकिंग स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, तिथले बार आणि तिथले 'शो' हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे, तिथे मुलीला आणि आईंना न्यायचं काही कारण नाही. रस्त्यावर लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवत कोणी 'शो शो' करत मागे लागला तर थांबू नका, पुढे चला. तुमच्या कागदावर नुसतं 'कॅबरे शो' छापलंय ना, मग टूरवाल्याला आजच फोन करून थिएटरचं नाव विचारा. नाव सांगायला टाळाटाळ केली तर मग काय ते समजा.

आता मुलीचं. स्टेजवर ज्या नाचतात त्यातल्या बहुतेक सगळ्या ट्रान्सजेंडर बायका आहेत, म्हणजे जन्म मुलगा म्हणून झाला पण त्या बाई म्हणून जगतात. तिला आधीच सरळ सांगून टाका, एवढ्याच शब्दात. सातवीतल्या मुलीला मोबाईलवरनं हे माहीत असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून बरीच जास्त आहे, तिथे गेल्यावर शेजारच्या खुर्चीतल्या काकांच्या तोंडून 'अरे हे तर सगळे पुरुष' असं खिदळत ऐकण्यापेक्षा आईच्या तोंडून ऐकलेलं बरं.

आणि आईंची काळजी तुम्ही उगीच करताय असं मला वाटतं. अहो त्या सांगलीच्या! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीता काय बाईने केली होती का? पुढे बालगंधर्व, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, त्यांचं नेसणं-मुरडणं बघून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या. आईंच्या आईने किंवा आजीने हे सगळं कौतुकाने सांगितलेलं असणार, विचारून बघा. फरक आहे, नाही असं नाही, बालगंधर्व स्टेजवरनं उतरले की नारायणराव होते आणि या मुली स्टेजवरनं उतरल्या तरी मुलीच असतात. पण भरजरी कपड्यात कोणी झोकात चालत आलं की टाळी वाजवायची सवय आपल्या रक्तात आहे, आई पहिल्या दोन गाण्यांत रुळतील.

त्यांच्यासाठी शाल मात्र घ्या, आत एसी जाम गार असतो. आणि शक्यतो संध्याकाळचा पहिला खेळ मागा. सकाळी टूरवाले स्पीडबोटीने को लान बेटावर नेतात, उन्हात चारपाच तास जातात, मग दुपारी जेवण, आणि रात्री नऊच्या शोला अर्धी बस घोरत असते.

प्रश्न : ताई, माझं तासगावला कृषी सेवा केंद्र हाय. कंपनीनं डीलर लोकांची थायलंडची ट्रिप काढलीय, आमी वीस-बावीस जण. घरात मी नुसतं 'बँकॉकला मीटिंग हाय' म्हणून सांगितलंय. पटायाचं नाव काढलं की मंडळी तोंड फिरवती. शोला जाणार हाय हे सांगू का नको? आनि आमच्यातले दोघंतिघं म्हणत्यात ते सगळे गडीच असत्यात, जाऊन मज्जा घेऊ. खरं काय वो?

उत्तर : दादा, सांगा. तुम्ही नाही सांगितलं तरी बावीस जणांतला एक कोणीतरी रात्रीच स्टेटसला फोटो टाकणार आणि सकाळी दुकानात वहिनींना औषधाची बाटली घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दाखवणार. शिवाय शोला जाण्यात लपवण्यासारखं काही नाहीये, वरचं उत्तर वाचून दाखवा घरी. लपवलं की ते लपवण्यासारखं होतं असाच अर्थ निघतो, मग तुम्ही तिथे खरोखर नुसतं नाचगाणं बघितलं असलं तरी कोण विश्वास ठेवणार.

'मज्जा घेऊ'वाल्यांबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. शो संपला की त्या कलाकार बाहेर आवारात येऊन उभ्या राहतात, त्याच भरजरी कपड्यात, फोटोसाठी. आपल्याकडच्या डीलर ट्रिपा, पतसंस्थेच्या ट्रिपा, झालंच तर रिटायर मंडळींच्या सहली, या सगळ्यांचा तोल नेमका तिथे जातो. कोण कमरेला हात घालतंय, कोण 'आत काय आहे' म्हणून विचारतंय, मराठीत बोललेलं कळत नाही असं समजून मोठमोठ्याने चाललेलं असतं. त्यांना शब्द नाही कळत, पण हसण्याचा सूर बरोबर कळतो, रोज संध्याकाळी देशोदेशीची माणसं बघतात त्या. मी तर म्हणेन त्या आवारात अश्लील काही असलंच तर ते आपल्या बाजूला असतं, त्यांच्या बाजूला नाही. तासगावात तमाशाच्या तंबूत कोणी बाईच्या अंगाला हात लावला तर फडावरचे लोक काय करतात ते तुम्हाला माहीत आहे, तोच नियम तिथे धरा.

अजून एक, याचा शोशी संबंध नाही पण डीलर ट्रिप म्हटल्यावर सांगावंच लागतं. रूमवर पत्ते घेऊन बसू नका. थायलंडमध्ये जुगारावर बंदी आहे आणि पत्त्यांचा तर १९३५ चा वेगळा कायदाच आहे, परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगता येत नाहीत. २०१६ साली याच पटायात ब्रिज खेळत बसलेल्या ३२ परदेशी लोकांना पोलिसांनी उचललं होतं, त्यातले बरेचसे पांढऱ्या केसांचे पेन्शनर. तुमची तीनपत्ती तर त्याहून सोपं सावज. ई-सिगारेटही तिथे बेकायदा आहे, बॅगेत घालून नेऊ नका. आणि तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावं लागतं, १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे, सरकारी साईटवर ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की बाहेर पडा.

प्रश्न : स. न. वि. वि. मी कवठेमहांकाळ येथील निवृत्त शिक्षक आहे. मुलाच्या आग्रहाने सदर कार्यक्रम पाहून आलो. वेशभूषा, शिस्त, सारे उत्तम. परंतु मनाला एक टोचणी लागली आहे. पोटासाठी या जिवांना असे नटूनथटून परक्यांपुढे उभे राहावे लागते, आणि आपण तिकीट काढून त्यात भरच घालतो, असे नाही का?

उत्तर : गुरुजी, टोचणी लागली हे चांगलंच झालं, बहुतेकांना फक्त बुफेत काय होतं ते आठवतं.

पटायाचा इतिहास काही सोवळा नाही. साधं कोळ्यांचं गाव होतं, व्हिएतनामच्या लढाईच्या काळात अमेरिकन सैनिक रजेवर यायला लागले आणि त्यांच्यासाठी बार, हॉटेलं, बाकीचे धंदे उभे राहिले. ते धंदे अजून आहेत. पण तुम्ही ज्या थिएटरात बसला होता तिथे त्या मुली नोकरी करतात, रोज मेकअपला दोनतीन तास, तालीम, एका रात्रीत दोनतीन खेळ. स्टेजवर उभं राहण्यासाठी आपसात चुरस असते. टिफनीजने १९९८ पासून सौंदर्यस्पर्धा चालवलीय, देशभर टीव्हीवर दाखवतात, आणि २००४ पासून पटायातच जगभरच्या ट्रान्स बायकांची मिस इंटरनॅशनल क्वीन स्पर्धा होते. ज्या देशात हे असं उघड्यावर मानाने होतं तिथे सगळं आलबेल असेल असं वाटतं ना, तसंही नाही. तिथे कागदपत्रांवर त्यांना लिंग बदलून मिळत नाही, आयडीवर 'श्री'च राहतो. एकविसाव्या वर्षी लष्कराच्या सोडतीला सगळ्या मुलग्यांबरोबर रांगेत हजर राहून सूट मागावी लागते, लांब केस, लिपस्टिक आणि हातात डॉक्टरचा दाखला. बँकेत, ऑफिसात नोकरी मिळणं अवघड, मग उरतं ते पार्लर, दुकानं आणि स्टेज. म्हणजे तुमची शंका अर्धी बरोबर आहे, त्यांनी स्टेज आवडीने निवडलं की दुसरं दारच उघडं नव्हतं हे प्रत्येकीचं वेगळं असणार. मात्र २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी लग्नाचा कायदा लागू झाला, आग्नेय आशियात पहिलाच, त्यामुळे कागदावर पुरुष असलेल्या या मुलींनाही आपल्या जोडीदाराशी रीतसर लग्न करता येतं.

तिकीट काढण्याने भर पडते का म्हणाल तर मला उलट वाटतं, तिकीट काढून मुकाट्याने बसून शेवटी टाळी वाजवणारा प्रेक्षक त्यांना हवाच आहे. आपल्याकडे ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांचा २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल झाला, २०१९ ला कायदा झाला, आयडीवर लिंग बदलूनही मिळतं, या बाबतीत आपला कागद त्यांच्यापेक्षा पुढे आहे. आणि जतच्या यल्लम्माच्या जत्रेत देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या ज्या जोगत्याच्या पाया पडतो त्यालाच दुसऱ्या दिवशी एसटीत शेजारी बसू देत नाही. त्यांना स्टेज तरी आहे, पगार आहे, पोस्टरवर चेहरा आहे. आपल्याकडे काय आहे, सिग्नल?

कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड तुम्ही बघितला असेलच. तमाशाला नावं ठेवणारे आणि तंबूत मागच्या रांगेत तोंड लपवून बसणारे हे एकच लोक असायचे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. पटायाचंही तसंच चाललंय, गावात येऊन कोण सांगत नाही की शो छान होता म्हणून, डोळा मारूनच सांगायचं. तुम्ही पत्र लिहून 'वेशभूषा, शिस्त, सारे उत्तम' म्हणालात, एवढं जरी कट्ट्यावर चारचौघात म्हणालात तरी खूप झालं.

प्रश्न : फोटोचे किती द्यायचे? आमच्या मेव्हण्याचं तिथे भांडण झालं होतं. (मिरज)

उत्तर : भांडण होतं कारण आपण एक फोटो एक टीप असा हिशोब करतो. फोटोत तिघी उभ्या राहिल्या तर तिघींना वेगवेगळे द्यायचे, साधारण १०० बात एकीला. एका बातला अडीच ते तीन रुपये धरा. म्हणून आधी ठरवा, एकीबरोबरच काढायचा असेल तर हाताने एकच अशी खूण करा, बाकीच्या आल्या तर हसून नको म्हणा. सुट्टे १०० च्या नोटा खिशात ठेवा, हजाराची नोट काढून सुट्टे मागत बसू नका. फोटो नकोच असेल तर सरळ बसकडे चालायला लागा, कोणी अडवत नाही. खेळ चालू असताना मात्र मोबाईल खिशात, शूटिंगला मनाई असते आणि टॉर्च मारत माणसं येतात सांगायला.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला, गोव्याला पण कॅबरे आहे म्हणतात. सांगलीहून रात्री गाडी काढली की सकाळी पणजी. (कुपवाड)

उत्तर : मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर नाचगाण्याचे कार्यक्रम असतात त्याला लोक कॅबरे म्हणतात. पण तिथे मुख्य धंदा जुगाराचा, नाच हा तोंडी लावायला, आणि कॅसिनोत २१ वर्षांखाली प्रवेश नाही. मित्रमंडळी असाल तर जा, पोराबाळांना घेऊन जायचं असेल तर गोव्यात तियात्र म्हणजे तिथलं गाण्यांचं नाटक बघा, कोंकणी आहे पण निम्मंअधिक समजतं, आणि हसायला काही भाषा लागत नाही तिथे.

प्रश्न : शोला साडी चालेल का? (गावभाग, सांगली)

उत्तर : चालेल की! उलट काठपदराची नेसा. शो संपल्यावर त्या मुलीच तुमच्या पदराला हात लावून बघतील आणि कुठून घेतली ते खुणेने विचारतील. फक्त पायात चपला चांगल्या पकडीच्या घाला, थिएटरमधल्या पायऱ्या अंधारात दिसत नाहीत.