नाटकाचा दिग्दर्शक ऑपेरा बसवू शकतो का?

नक्कीच बसवू शकतो, पण आधी एक सवय मोडावी लागते. नाटकात विराम किती घ्यायचा हे नट आणि दिग्दर्शक तालमीत ठरवतात. ऑपेरात, म्हणजे पात्रं गाऊन सादर करतात त्या पाश्चात्त्य संगीत नाटकात, तो संगीतकाराने स्वरलिपीत आधीच लिहून ठेवलेला असतो. दाराकडून खुर्चीपर्यंत चालायला किती वेळ मिळेल, तेही संगीतच सांगतं. मग दिग्दर्शकाचं खरं काम उरतं ते हे, की पात्राला या क्षणी बोलण्याऐवजी गावंसं का वाटतंय, ते गायकाच्या अंगात उतरवायचं. मला हेच सगळ्यात अवघड वाटतं, कारण गायकाला त्याच वेळी श्वास सांभाळायचा असतो आणि कंडक्टरकडेही, म्हणजे वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्याकडेही, लक्ष ठेवायचं असतं.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की मूळचे नाटकवाले. १९१८ मध्ये त्यांनी मॉस्कोत बोल्शोई थिएटरच्या गायकांसाठी ऑपेरा स्टुडिओ सुरू केला आणि १९२२ मध्ये चायकोव्हस्कीचा ऑपेरा ‘येवगेनी ओनेगिन’ चक्क राहत्या घराच्या खांबांच्या दालनात बसवला. शिकवणं अखेरपर्यंत चालू होतं.

ऑपेरा दिग्दर्शक वॉल्टर फेल्झेनस्टाइन यांची सुरुवातही नट म्हणून झाली. त्यांनी १९४७ मध्ये बर्लिनला कोमिशे ओपर हे ऑपेरागृह स्थापन केलं आणि १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. ग्योट्झ फ्रीडरिश आणि योआखिम हेर्झ हे ऑपेरा दिग्दर्शक त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

तुम्ही आधी स्वरलिपी वाचायला शिका. मग एखाद्या ऑपेराला सहायक म्हणून, पियानोवरच्या पहिल्या तालमीपासून बसा.